निधीचा प्रस्ताव: आधी हिशेब, मग भाषा

मार्चचा दुसरा आठवडा उजाडला की सामाजिक संस्थांचे फोन खणखणू लागतात. 'एक प्रपोजल पाठवता का? उद्या संध्याकाळपर्यंत मिळालं तर बरं.' पलीकडे एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागातला माणूस असतो आणि त्याच्याकडे वर्षअखेरीला पैसे उरलेले असतात. इकडे संस्थेतला कोणीतरी रात्र जागवून जुना प्रस्ताव उघडतो, गावाचे नाव बदलतो, आकडे थोडे वाढवतो आणि पाठवून देतो. कधीकधी पैसे मिळतातही. त्यामुळे प्रस्ताव म्हणजे लेखनाचा एक प्रकार, इंग्रजी बरे असले आणि सक्षमीकरण, शाश्वतता, सहभाग हे शब्द योग्य जागी पेरता आले की काम झाले, असा समज पक्का होऊन बसला आहे. प्रस्तावलेखनाच्या कार्यशाळाही बहुधा याच समजावर चालतात.

सामुदायिक कामाचा प्रस्ताव कशामुळे मंजूर होतो आणि कशामुळे पडतो, याबद्दल आज जे माहीत आहे ते एकत्र मांडले तर चित्र वेगळे दिसते. भाषेचा वाटा त्यात कमी आहे. अंदाजपत्रकाच्या पानावर काय आहे आणि ते पान लिहिण्याआधी गावात काय ठरले होते, या दोन गोष्टींवर बरेचसे अवलंबून असते.

पैसा कोणाकडे मागायचा, हा पहिला प्रश्न. गावाच्या कामासाठी पहिली तिजोरी गावातच असते, हे संस्थांना आणि पुष्कळदा ग्रामस्थांनाही आठवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येत आला. त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला, उरलेला गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करण्याजोगा. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने होणाऱ्या आराखड्यात काम बसले की त्यासाठी वेगळ्या दात्याची गरज उरत नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना तर २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी पेसा कायद्याखाली अबंध स्वरूपात मिळतो. मजुरीप्रधान काम असेल तर रोजगार हमी आहेच. दात्याकडे जावे ते या तिजोऱ्यांतून न भागणाऱ्या भागासाठी. आणि तसे प्रस्तावात लिहावे. 'बंधाऱ्याची मजुरी रोजगार हमीतून, आम्ही मागतो आहोत ते फक्त तांत्रिक सर्वेक्षण आणि गावबैठकांसाठी' हे वाक्य वाचणाऱ्याला आवडते. त्याच्या एका रुपयामागे आणखी चार रुपये उभे राहणार आहेत, हे त्याला दिसते.

कंपन्यांचा पैसा १ एप्रिल २०१४ पासून कायद्याने वाहू लागला. ज्या कंपनीचे नक्त मूल्य किमान ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या विषयांवर खर्चायची. देशात या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो, पण तो मुख्यतः मुंबई-पुण्याच्या आणि कारखान्यांच्या पट्ट्यात राहतो. कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. नंदुरबार, वाशिम, धाराशिव आणि गडचिरोली हे राज्यातले चार आकांक्षित जिल्हे २०१८ मध्ये जाहीर झाले खरे, पण जिथे कारखाना नाही तिथे सीएसआरचा माणूस सहसा फिरकत नाही. नंदुरबारच्या संस्थेने पुण्याच्या वाहन उद्योगाला प्रस्ताव पाठवताना 'आमच्याकडे का' या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच पानावर द्यावे. ते न देता पाठवलेले प्रस्ताव बहुधा वाचलेही जात नाहीत.

मार्चच्या फोनामागेही कायदा आहे. जानेवारी २०२१ पासून न खर्चलेली रक्कम कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. एका वर्षाचे काम असेल तर ती सहा महिन्यांत सरकारने ठरवून दिलेल्या निधीत भरावी लागते. बहुवर्षीय प्रकल्प असेल तर मात्र तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. ज्या संस्थेला एका मार्चपुरते नाते नको आहे, तिने काम बहुवर्षीय म्हणूनच मांडावे. कंपनीच्या लेखापालालाही ते सोयीचे पडते.

परदेशी निधीची वाट त्यासंबंधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर फार अरुंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्याच खात्यात घेणे बंधनकारक झाले, आणि एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला देण्यावर पूर्ण बंदी आली. यातले शेवटचे कलम सर्वांत जास्त लागले. शहरातल्या मोठ्या संस्थेने मोठा प्रस्ताव लिहायचा आणि तालुक्यातल्या दहा छोट्या संस्थांनी काम करायचे, ही वर्षानुवर्षांची रचना त्याने मोडली. छोट्या संस्थांना प्रस्ताव लिहायला शिकणे भाग पडले ते तेव्हापासून.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या (ट्वेल्व ए, एटी जी), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. यांतला एक कागद कमी असला तर बाकीचे वीस पानांचे लेखन फुकट. सगळ्यांत जास्त प्रस्ताव कुठे अडकतात म्हणाल, तर विश्वस्तांच्या यादीत. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसतो, किंवा दिलेला असून वर्षानुवर्षे प्रलंबित असतो, आणि शेड्यूल वनच्या उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचे नाव तसेच झळकत राहते. दात्याचा तपासणारा माणूस सहीचे नाव आणि उताऱ्यावरचे नाव ताडून पाहतो. तिथेच फाइल बंद होते. सीएसआरसाठी आणखी एक अट आहे: कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. नव्या गटाने पहिली तीन वर्षे स्थानिक देणग्यांवर काढावीत किंवा जुन्या संस्थेसोबत काम करावे. दुसरा मार्ग नाही.

आता गरजेचा परिच्छेद. बहुतेक प्रस्ताव इथे सुरुवात करतात ती देशाच्या आकडेवारीने: भारतात इतकी मुले कुपोषित, इतकी गावे तहानलेली. वाचणाऱ्याला ही आकडेवारी तोंडपाठ असते. त्याला हवा असतो तुमच्या बारा गावांचा आकडा, आणि तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसतो. आधी मोजणे किती मोलाचे असते याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला, तेव्हा ३९ गावांत काम आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी मांडणी होती. १९९३ ते १९९५ हा काळ आधारभूत नोंदींचा धरला होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: कामाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या कामात ही पद्धत आली. एवढे मोठे संशोधन प्रत्येक संस्थेने करावे असे कोणी म्हणणार नाही. पण बारा गावांतल्या अंगणवाडीच्या वजननोंदी, शाळेचा हजेरीपट, टँकरच्या फेऱ्यांची नोंद, विहिरींची मे महिन्यातली पातळी हे सगळे गावात उपलब्ध असते. ते वहीत उतरवून घ्यायला पंधरा दिवस लागतात. हे पंधरा दिवस घालवलेला प्रस्ताव लगेच ओळखू येतो.

आणि गरज कोणाची, हेही तपासावे लागते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आरोग्याचे काम करायला गेले. लोकांनी आधी मागितले ते पाणी आणि अन्न. तेव्हा तिथे दुष्काळ होता. आरोळेंनी आरोग्याच्या जोडीला पाण्याची आणि अन्नाची कामे हाती घेतली, आणि गावाचा विश्वास त्यातून बसला. आजच्या बहुतेक अर्जनमुन्यांत ही लवचीकता बसत नाही. आरोग्याच्या शीर्षाखाली मिळालेला पैसा पाण्यावर खर्च केला तर लेखापरीक्षक आक्षेप घेईल. म्हणून गावाशी बोलणे प्रस्तावाआधी व्हायला हवे, मंजुरीनंतर नव्हे. ग्रामसभेचा ठराव जोडला म्हणजे हे बोलणे झाले असे मात्र समजू नये. ठराव ग्रामसेवकाच्या वहीत कसा येतो, हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

अर्जातला जो चौकटींचा तक्ता पाहून कार्यकर्ते धास्तावतात, तो 'लॉगफ्रेम'. १९६९ मध्ये अमेरिकी सरकारच्या विकास संस्थेसाठी तो तयार झाला, ऐंशीच्या दशकात जर्मनांनी तो आपल्या पद्धतीने घोटून घेतला, आणि तिथून जगभरच्या दात्यांकडे पसरला. साधने, त्यांतून होणारी कामे, कामांतून होणारा बदल, आणि बदल झाला हे कशावरून कळणार, अशी ती साखळी. तिच्यावर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती रास्त आहे. माणसांचे आयुष्य चौकटीत बसत नाही, आणि दोन वर्षांनी काय होईल हे आज लिहून घेण्याचा आग्रह हास्यास्पद ठरतो. तरीही त्या तक्त्यातला शेवटचा रकाना मला फार मोलाचा वाटतो. 'गृहीतके' असे त्याचे नाव असते आणि बहुतेक संस्था तिथे 'वेळेवर पाऊस' किंवा 'शासनाचे सहकार्य' असे लिहून मोकळ्या होतात. खरी गृहीतके वेगळी असतात. बचत गटाच्या बायकांना दुपारी दोन तास मोकळे मिळतील. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मुलांना मागे ठेवतील. पाझर तलावाच्या वरच्या अंगाचा जमीनदार चर खोदू देईल. हे लिहिले की प्रकल्प कुठे बुडू शकतो ते दात्याला आणि संस्थेलाही कळते. धोका प्रांजळपणे लिहिल्याने प्रस्ताव कमकुवत होतो, ही भीती अनाठायी आहे. अनुभवी वाचक धोका न लिहिणाऱ्याला नवखा समजतो.

आता अंदाजपत्रक. इथे जरा थांबू.

समजा, २० गावांत अंगणवाड्यांसोबत काम करायचे आहे. एक समन्वयक, दरमहा २५,००० रुपये, वर्षाचे तीन लाख. पुढची ओळ: 'प्रवास खर्च: १,००,०००.' हा एक लाख कुठून आला? संस्थेलाही सांगता येत नाही. आता तोच खर्च मोडून लिहू. २० गावे, प्रत्येक गावाला महिन्यातून दोन भेटी, बारा महिने, म्हणजे ४८० फेऱ्या. सरासरी फेरी जाऊन-येऊन ३० किलोमीटर, म्हणजे १४,४०० किलोमीटर. दुचाकीला किलोमीटरमागे पाच रुपये धरले तर ७२,००० रुपये. आकडा कमी झाला आणि भक्कम झाला. पण आणखी एक गोष्ट उघड झाली. ४८० फेऱ्या म्हणजे महिन्याला ४०. कामाचे दिवस पंचवीस. एका माणसाने रोज एकाहून जास्त गावे करायची, शिवाय नोंदी लिहायच्या, तालुक्याच्या बैठकीला जायचे, अहवाल भरायचा. हे होणार नाही. म्हणजे एकतर दोन माणसे हवीत, नाहीतर गावे कमी करायला हवीत, नाहीतर भेटी. योजनेतली ही चूक वर्णनाच्या दहा पानांत दिसली नव्हती, प्रवासखर्चाच्या एका ओळीत दिसली. म्हणून मी सांगतो: अंदाजपत्रक आधी लिहा, वर्णन त्यावरून लिहा. बहुतेक संस्था उलटे करतात, आणि दाता मात्र अंदाजपत्रकाचे पान आधी उघडतो.

या पानावर एक खोटेपणाही राहतो, आणि त्यात दोन्ही बाजू सामील आहेत. कार्यालयाचे भाडे, लेखापालाचा पगार, लेखापरीक्षणाची फी, वीज, कार्यकर्त्याची रजा, हा खर्च प्रत्येक संस्थेला असतो. दात्यांना तो नको असतो. 'ॲडमिन पाच टक्क्यांच्या वर नको' असे सांगितले जाते आणि त्यासाठी सीएसआर नियमाचा दाखला दिला जातो. तो दाखला चुकीचा आहे. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावर करायच्या खर्चासाठी आहे. काम करणाऱ्या संस्थेचा प्रकल्पावरचा खर्च त्यात येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या खुलाशातही प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च या मर्यादेबाहेर ठेवला आहे. पण संस्था वाद घालत नाहीत. लेखापालाचा पगार 'प्रशिक्षण' या शीर्षाखाली घालतात, भाडे 'कार्यशाळा' होऊन जाते. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासलेखात या दुष्टचक्राला संस्थांच्या उपासमारीचे चक्र म्हटले होते: दाता अवास्तव कमी खर्च अपेक्षितो, संस्था तो कमी दाखवते, दात्याची अपेक्षा आणखी खाली जाते. आपल्याकडे ते तंतोतंत लागू पडते. लपवालपवीपेक्षा खरा आकडा लिहून त्याचे कारण एका ओळीत द्यावे. काही दाते नाकारतील. जे नाकारणार नाहीत त्यांच्याशीच पुढची दहा वर्षे काम करता येते.

'प्रकल्प संपल्यावर काय?' या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर आढळते: गाव पुढे चालवेल. कसे, ते कुणी लिहीत नाही. जागतिक बँकेच्या मदतीने २००३ ते २००९ या काळात राज्यात जलस्वराज्य प्रकल्प राबवला गेला. त्यात लोकवर्गणी दहा टक्के, आदिवासींसाठी पाच टक्के, आणि देखभालीचा सगळा भार गावावर. जल जीवन मिशननेही २०१९ पासून गावांतर्गत कामांसाठी तसाच पाच-दहा टक्क्यांचा हिस्सा ठेवला. वर्गणी गोळा होते. अडते ते पुढे. पाणीपट्टी वसूल होत नाही, वीजबिल थकते, मीटर तोडला जातो आणि टाकी कोरडी पडते. पाण्याच्या प्रस्तावात शाश्वतता म्हणजे वीजबिल. किती कुटुंबे, महिन्याला किती पट्टी, वसुली कोण करणार, पंप जळाला तर पैसे कुठून, ही चार उत्तरे अर्ध्या पानात लिहिलेली असली तर त्या शब्दाचा उच्चारही करायची गरज नाही.

या सगळ्या चर्चेत महाराष्ट्रातला एक प्रकल्प मला वारंवार आठवतो, कारण त्यात प्रस्तावाची रचनाच दात्यांनी बदलली होती. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. स्विस जेझुइट पाद्री हर्मन बाखर यांनी अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) परिसरात केलेल्या कामातून तो उभा राहिला. जर्मन पैसा, नाबार्ड, १९९३ मध्ये स्थापन झालेली 'वॉटर' ही संस्था, आणि गावाची पाणलोट समिती, अशी ही साखळी होती. गावाने आधी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान स्वीकारायचे. मग छोट्या क्षेत्रावर वर्ष-दीड वर्ष शिकत काम करायचे. ते जमले तरच पूर्ण पाणलोटासाठी मोठा प्रस्ताव. तो आराखडा कार्यालयात बसून तयार होत नसे. प्रत्येक शेतकऱ्यासोबत त्याच्या बांधावर उभे राहून, गटनंबरनिहाय, कुठे बांध, कुठे चर, कुठे झाड, हे ठरत असे. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे त्यातले नावाजलेले गाव. अशा गावाचा प्रस्ताव वाचायला रूक्ष असतो, आकड्यांनी आणि गटनंबरांनी भरलेला. पण काम कुठे होणार हे त्यात गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. आजच्या दात्यांनी हा दोन टप्प्यांचा मार्ग सोडून दिला, हे मला मोठे नुकसान वाटते. आता कल्पना आणि पाच कोटींची मागणी एकाच अर्जात करावी लागते.

प्रस्ताव नकोच म्हणणारा एक प्रवाहही महाराष्ट्रात जुना आहे. चळवळीला अर्ज लिहायला लावले की ती दात्याच्या भाषेत विचार करू लागते, हा त्याचा आक्षेप. अर्ज न लिहिता पैसा उभा राहिल्याचे उदाहरणही आहे: 'लग्नाची बेडी' या नाटकाच्या प्रयोगांतून डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. तो निधी प्रकल्पासाठी नव्हता, माणसासाठी होता. हा आक्षेप मला अर्धा पटतो. हक्कांच्या लढ्याला तीन वर्षांचे लक्ष्य आणि निर्देशक लावता येत नाहीत, आणि लावूही नयेत. पण शाळा, दवाखाना, पाणी, पाणलोट या कामांत दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब आधी मांडणे ही किमान सभ्यता आहे. मोर्चाची आणि पाझर तलावाची गणिते एकाच मापाने मोजण्याची चूक दोन्ही बाजूंकडून झाली आहे.

अलीकडे यंत्राकडून प्रस्ताव लिहून घेण्याची सोय झाली आहे. इंग्रजी निर्दोष, परिच्छेद गुळगुळीत. परिणाम असा की प्रस्ताव एकमेकांसारखे दिसू लागले आहेत आणि भाषेची किंमत आणखी घसरली आहे. गटनंबर, हजेरीपट आणि वीजबिल यंत्राला माहीत नसते. म्हणजे ज्या छोट्या संस्थेकडे इंग्रजी नव्हते पण वह्या होत्या, तिचे पारडे खरे तर जड व्हायला हवे.

ते होत नाही याला एक कारण दात्यांच्या हातात आहे. महाराष्ट्रात काम करणाऱ्या, महाराष्ट्रात खर्च करणाऱ्या कंपन्यांचे अर्जनमुने बहुतेक फक्त इंग्रजीत असतात. तालुक्यातल्या संस्थेची नोंदवही मराठीत, ग्रामसभेचा ठराव मराठीत, धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रे मराठीत, आणि प्रस्ताव तेवढा इंग्रजीत. तो लिहायला बाहेरचा सल्लागार बसतो, जो गावात गेलेला नसतो, आणि त्याची फी अंदाजपत्रकात दाखवताही येत नाही. सीएसआर समित्यांनी मराठी प्रस्ताव घ्यायला सुरुवात करावी, आणि नकार देताना दोन ओळींचे कारण कळवावे, एवढी मागणी संस्थांच्या संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे. कंपनी कायद्याच्या सीएसआरविषयीच्या १३५व्या कलमात प्रस्ताव इंग्रजीतच हवा असे कुठेही म्हटलेले नाही.